बारा वर्षांखालच्यांचा झोका

सरळच सांगून टाकते. ती फांदी मी तोडली. कुऱ्हाड माळ्याची होती, हुकूम माझा होता आणि अक्कल त्या दिवशी कोणाचीच हजर नव्हती.

सुरतेत लिंबायतच्या अंगाला, लूमच्या शेडांच्या पाठीमागे बाग खात्याची एक बाग होती. आता तिकडे नवागाम, गोडादऱ्यापर्यंत चाळीला चाळ लागली आहे. मी सांगते ते साठ-सत्तर सालातलं. तेव्हा बागेच्या कुंपणापलीकडे ज्वारी उभी असायची. बागेत मोठं म्हणावं असं एकच झाड, कडूनिंबाचं. त्याची एक फांदी जमिनीला समांतर लांबवर गेली होती, म्हशीने पाण्याकडे मान लांब करावी तशी. आखाजी तोंडावर आली असताना ती मी उतरवली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्यांची आमरसाची, आम्हा खानदेशी बायकांची झोक्याची. सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, निंबाला दोर टाकतात आणि वर्षभर जे तोंडातून काढता येत नाही ते झोक्यावर गाण्यातून काढतात. सासू, नणंद, नवरा, कोणाची भीड ठेवत नाहीत. मी स्वतः अमळनेरकडची. माझा पुढचा दात अर्धा आहे, तो आखाजीच्याच झोक्याने नेलेला. एवढी खूण तोंडात घेऊन फिरणाऱ्या बाईने ती फांदी तोडावी!

पण मी तेव्हा बाई कुठे होते? मी ‘मिस’ होते. शारीरिक शिक्षणाचा कोर्स केलेली, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि नेमणूक महिला व बाल मनोरंजन विभागात. विभाग म्हणजे मी आणि शिट्टी. अहिराणीला मी सुरत स्टेशनवर उतरतानाच ट्रंकेत घालून कुलूप लावलं होतं. मराठी बोलायची ती गुजराती हेल काढून. कोणी ‘कुठल्या तुम्ही?’ विचारलं की ‘पुण्याकडची’ म्हणायची. पुणं मी तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं.

आणि या मिसला साहेब कसे मिळावेत!

ते अस्सल सुरती. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि कोटाच्या खिशात लूमच्या तेलाची कुपी. त्यामुळे उजवा खिसा कायम काळा आणि माणूस जवळ आला की शेडचा वास यायचा. पहिल्या दिवशी मी बागेत हजर व्हायला गेले, तर साहेब घसरगुंडीच्या वरच्या टोकाला बसलेले. साठीला टेकलेला माणूस. मला वाटलं, अडकले बिचारे. मी शिट्टी तोंडात धरून माळ्याला हाक मारणार, तोवर साहेब सर्रकन खाली आले, उठले, धोतराचा मागचा भाग पुढे ओढून बघितला आणि माळ्याला म्हणाले, “उजवीकडचा खिळा वर आलाय. ठोक.” मग माझ्याकडे वळून, “पहेलां हूं, पछी छोकरां. आधी मी, मग पोरं. खिळ्याने पोराची मांडी धरायच्या आधी माझं धोतर धरलं पाहिजे, बेन.”

हा कार्यक्रम रोज सकाळी, बाग उघडण्याआधी. एकेका झोक्यावर बसून चार हेलकावे, कडी कुरकुरली की खिशातून कुपी. एकही धोतर धड नव्हतं. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे बा म्हणायचो. बा रफू करता करता म्हणायच्या, “दुसऱ्यांचे नवरे कचेरीतून पगार आणतात. माझे भोकं आणतात.”

पैसा खात्याकडे नव्हता असं सगळे म्हणत. खोटं. पैसा होता, तो शहरातल्या मोठ्या बागेतले गुलाब पिऊन टाकायचे. आमच्या बागेला वर्षाकाठी मिळायचं ते एक पोतं चुना आणि भरपूर शाबासकी. म्हणून साहेब मिलांच्या दारात जाऊन बसायचे. मशीन फिरवणारा चामडी पट्टा झिजला की मिलवाले तो फेकत. साहेब तो आणायचे आणि कापून झोक्याच्या बैठका करायचे. सूत गुंडाळायचा मोडका लोखंडी बीम आडवा टाकून त्याचा सी-सॉ केला होता. पोरं त्याला ‘मिल’ म्हणायची. “चल, मिल खेळू.” बाप आत मिलमध्ये, पोरगा बाहेर मिलवर.

साहेबांची एक समजूत अशी होती की तुटलेला झोका ही आनंदाची बातमी असते. साखळी तुटली की ते उजळून निघायचे. “बघ, बेन. वापरला! जे तुटत नाही ते कोण वापरतच नाही. मोठ्या बागेतला गुलाब बघ, पाच वर्षांत एक काटा नाही मोडला.” मी या वाक्यावर हसायची. माझ्या कोर्समध्ये तुटफूट हा वाईट व्यवस्थापनाचा पुरावा होता, आणि मी कोर्सवर विश्वास ठेवणारी मुलगी होते. अजून हसू येतं, पण आता त्या मुलीचं येतं.

खात्याच्या कमिटीचाही माझ्यासारखाच कोर्स झालेला असावा. आमच्या बागेतल्या साखळ्या वरचेवर तुटतात आणि नव्या आणायला पैसे नाहीत, तर उपाय काय? लूमवर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका सुटी झाली की झोक्यावर येऊन बसतात, त्यांच्या वजनाने तुटतात. तेव्हा त्यांना बंदी. पाटी रंगवून आली: ‘झोके फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी.’ खाली दंडाची धमकी.

आता सुरतेची माहिती असलेल्याला मी काय सांगायला हवं? अहो, तिथे घराघरात हिंचका! सागवानी पाट, पितळी कड्या, आणि त्यावर घरचा करता पुरुष जेवून पान चघळत अर्धा तास झुलल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. ज्या कमिटीने हा ठराव केला तिच्या प्रत्येक माणसाच्या घरी हिंचका होता. बारा तास शेडमध्ये उभं राहून जिच्या पोटऱ्यांना गोळे येतात तिने पाच मिनिटं पाय अधांतरी सोडले तर खात्याची साखळी तुटते. आणि अडीच मण शेठ रोज रात्री झुलतात त्यांची कडी मात्र अभंग! पन्नास वर्षं झाली, पण ती पाटी आठवली की माझा चहा आजही गार होतो.

साहेबांच्या घरी मात्र हिंचका नव्हता. म्हणजे होता, बांच्या लग्नात आलेला. तो साहेबांनी काढून आमच्या बागेत निंबाशेजारी लोखंडी खांबांना टांगला होता. बा त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि मग एका संध्याकाळी स्वतःच बागेत येऊन त्यावर बसल्या. कांड्या भरणाऱ्या दोघी आधीच बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली.

तर पाटी आली. मला वाटलं साहेब ती ठोकतील, नाहीतर फेकतील. त्यांनी ती काखेत मारली आणि मला म्हणाले, “चाल, बेन.”

कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे शेठ म्हणत, त्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा शेठ हिंचक्यावरच होते. पानाचं ताट मांडीशी. साहेबांनी नमस्कार केला, खिशातून खिळा काढला आणि हिंचक्यामागच्या भिंतीवर पाटी लावायला लागले.

“अरे, अरे, आ शुं करो छो?” शेठ ओरडले.

“नवी पाटी आहे, शेठ. बागेत लावायच्या आधी चालते का बघतो. मी सगळं आधी स्वतः बघूनच लावतो.” मग अतिशय अदबीने वय विचारलं, “शेठ, तमारी उंमर केटली?”

शेठांच्या तोंडातलं पान तिथेच थांबलं. आतून शेठाणी फिसकन हसल्या, आणि मला वाटतं, साहेबांना जे काही भोगावं लागलं ते त्या हसण्यामुळे. पाटी बागेत लावली गेली नाही. ठराव मात्र मागे घेतला नाही. ‘सध्या स्थगित’, असं काहीतरी कमिटीने म्हटलं. स्थगित म्हणजे काय ते मला पुढे कळलं. मांजर खुर्चीखाली बसतं ना, त्याला स्थगित म्हणतात.

साहेबांनी ते तेव्हाच ओळखलं असणार. त्यांनी खानदेशी बायकांना बोलावून सांगितलं की आखाजीला झोक्यांच्या सांगाड्याला हात लावू नका, निंबाच्या फांदीला तुमचा स्वतःचा दोर बांधा. झाड खात्याचं, पण फांदी काही खात्याने विकत घेतलेला झोका नव्हे. तिला नियम लागत नाही. त्या बायकांत धुरपता म्हणून एक होती, चाळीशीची, दंडावर गोंदलेली, कांड्या भरण्यात पटाईत. ती म्हणाली, “मंग दरसाल आठेच येसूत, साहेब.” दरसाल इथेच येऊ. गावाला जायचं तर पगार कापला जातो. कितीकींनी वर्षानुवर्षं माहेर बघितलेलं नव्हतं. त्यांचं माहेर म्हणजे ती फांदी. हे मला माहीत होतं. ऐकलं होतं ना मी, तिथेच उभी होते! पण मी मिस.

साहेब भाचीच्या लग्नाला बिलिमोऱ्याला गेले आणि नेमके शेठ बागेची पाहणी करायला आले. मी बूट पांढरे करून पुढे. शेठ निंबाखालून चालले आणि फांदीने त्यांची टोपी उडवली. टोपी मातीत. मी धावले, टोपी उचलली, फुंकली, दिली. शेठ म्हणाले, “बहु नीची छे.” फार खाली आहे. बस, इतकंच. त्यांनी तोडायला सांगितलंसुद्धा नाही! पण मला कोर्समधला धडा आठवला: डोक्याच्या उंचीची आडवी फांदी धोकादायक, तत्काळ काढावी. आणि नोकरी कायम व्हायची होती, तीही आठवली. संध्याकाळपर्यंत फांदी खाली. लाकडाचं काय झालं माहीत आहे? हातगाडी आली आणि ते शेठांच्या घरी गेलं, बंबात घालायला. शेठांनी निरोप पाठवला, “छोकरी हुशार छे.” मी तो निरोप घरी पत्रातून कळवला.

दुसऱ्या दिवशी धुरपता आणि चौघी-पाचजणी दोर बघून ठेवायला आल्या. निंबासमोर थांबल्या. धुरपता माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तू आमना खान्देशनी शेस ना?”

मी म्हटलं, “नाही. पुण्याकडची.”

तिने माझ्या अर्ध्या दाताकडे बघितलं. “पुण्याले बी आखाजीना झोका ऱ्हास का?” असं म्हणून ती निघून गेली.

साहेब परत आले. बुंध्याच्या ताज्या जखमेवर त्यांनी हात ठेवला, मग तिथेच हिंचक्यावर बसले आणि झुलायचं विसरले. मी पाठ केलेलं स्पष्टीकरण म्हणायला लागले. धोकादायक, समांतर, डोक्याची उंची. ते ऐकून घेतलं त्यांनी. पूर्ण. मग विचारलं, “आखाजीच्या झोक्याची गाठ तुला येते?”

मी कबूल केलं की येते.

“बस तो,” ते म्हणाले. म्हणजे, झालं तर मग.

मला त्या ‘बस तो’ची इतकी भीती बसली की आखाजीच्या दिवशी मी तापाची चिठ्ठी पाठवून खोलीवर पडून राहिले. ताप नव्हता. सकाळी साहेब दारात, खांद्यावर दोराचं वेटोळं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “ठंडुं छे. चाल.”

आता शहरातल्या मोठ्या बागेचं सांगायला हवं. तिथे कमिटीने कारंजं केलं होतं, रंगीत दिव्यांचं. आमच्या बागेतल्या पिण्याच्या नळाला पाणी नव्हतं, पोरं शेडच्या हौदावर जाऊन पाणी प्यायची; आणि इथे पाणी हवेत उडवायला पैसे! उद्घाटनासाठी दारात लोखंडी कमान उभारली होती. इतकी भक्कम की पूल बांधताना उरली असावी. वर ‘पधारो’ लिहिलेलं. उद्घाटन होऊन गेलं, कारंजं आठवड्यात बंद पडलं, कमान राहिली.

साहेबांनी शिडी कमानीला लावली. खाली बायका जमलेल्या, नवी लुगडी, हातात बांगड्या, डोळे माझ्यावर. मी बुटांसकट शिडीवर चढले. हाताला गाठ आठवत होती. डोकं विसरलं होतं, हात नव्हते विसरले. दोर आवळला, आणि मिलच्या पट्ट्याची बैठक साहेबांनी खाली अडकवली. मग, अर्थातच, ‘पहेलां हूं’. टोपी सांभाळत चार हेलकावे घेतले, कुपी काढायची गरज नव्हती तरी काढली, आणि उतरले. “पधारो,” म्हणाले.

धुरपता बसली. पहिला झोका गेला आणि तिने गाणं धरलं. तिथेच रचलेलं. त्यात टोपी होती, बंब होता, आणि पुण्याची एक पोरगी होती जिला निंब आणि बाभूळ यांतला फरक कळत नाही. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी शिडीवर अडकलेली. खाली उतरायचं तर त्यांच्यातूनच जायचं.

तेवढ्यात शेठांची गाडी आली.

“आ शुं चाले छे? नियम माहीत नाही? बारा वर्षांखालच्यांसाठी!”

साहेब म्हणाले, “शेठ, तो नियम झोक्यांना आहे. ही कमान आहे. कमानीला वयाचा नियम अजून झाला नाही. ठराव करा, मी पाटी लावतो. पण पहिली कुठे लावून बघायची ते तुम्हाला माहीत आहे.”

शेठ लाल झाले. मग त्यांची नजर वर गेली. “तू? तू तर हुशार छोकरी!”

आता इथे मी काहीतरी बाणेदार बोलायला हवं होतं. नातवंडांना सांगताना मी बोलतेसुद्धा. “शेठ, टोपी सांभाळा, नाहीतर कमानही तोडावी लागेल,” वगैरे. खरं सांगू का? घाबरून मी तोंडात शिट्टी घातली आणि वाजवली. आणि बायकांना वाटलं, पाळी बदलायची खूण! धुरपता उतरली, दुसरी बसली, झोका शेठांच्या नाकासमोरून गेला. शेठ काही बोलायला लागले, मी पुन्हा घाबरले, पुन्हा वाजवली. तिसरी बसली. एवढ्या शिस्तीत मी आयुष्यात दुसरा कोणताही मनोरंजन कार्यक्रम पार पाडलेला नाही. शेठ शेवटी गाडीत बसून निघून गेले. कमानीखालून नव्हे, कारण तिथे झोका होता.

साहेबांना निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. ते महिने त्यांना खात्याच्या रोपवाटिकेत घालवायला लावले, जिथे एक झोका नाही, एक पोर नाही, नुसते गुलाब. गुलाब! मोजून-मापून शोधून काढलेली शिक्षा. निरोपाचा समारंभ नाही, हार नाही, नारळ नाही. ज्या माणसाने स्वतःच्या अंगावरची धोतरं फाडून शहराच्या पोरांच्या मांड्या वाचवल्या त्याला एक नारळ देता आला नाही या लोकांना. आणि त्यांच्या घरचा हिंचका? तो ‘खात्याच्या मालकीचा नाही’ म्हणून नव्या साहेबाने उतरवला, आणि खात्याच्या मालकीचा नसताना भंगारात विकला! बा म्हणाल्या, “नवरा दिला, हिंचका दिला. आता माझ्या नावाची पाटीच लावा म्हणावं त्या खांबाला.”

मी रोपवाटिकेत भेटायला गेले. साहेब गुलाबांच्या वाफ्यात पाठ करून बसले होते. मी म्हटलं, “बाग माझ्याकडे दिली, साहेब.” त्यांचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं कुपी देतात की काय. माझे डोळे भरून यायच्या बेतात. त्यांनी कुपी चाचपून पाहिली आणि बटण लावलं. “तुझी तू आण,” म्हणाले. “लूमचं तेल घे. शिलाई मशीनचं नको, पातळ असतं.” मग माझ्या साडीकडे नजर टाकून, “आणि जुन्या साड्या ठेव.”

बाग मला मिळाली ती बक्षीस म्हणून नव्हे. खात्यात दुसरं कोणी लिंबायतला यायला तयार नव्हतं. बरोबर ती पाटीही आली, स्थगिती उठवून. ‘झोके फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी.’ हुकूम असा की निंबाच्या बुंध्यावर दर्शनी भागी ठोकावी, आणि आखाजीच्या आत. नोकरी अजून कायम नव्हती, हे नव्या साहेबाने हसत हसत आठवणीत आणून दिलं.

पुढच्या माझ्या सगळ्या नोकरीत त्या बागेत आखाजी एकदाही चुकली नाही, एवढं सांगते. कशी, ते सांगत नाही; खात्याला कान असतात. माझ्या साड्या बघितल्या असत्यात तर कळलं असतं. पण त्यात माझी बहादुरी शोधू नका. मी त्या वर्षी आखाजीच्या तोंडावर एका सकाळी पाटी घेऊन निंबापाशी गेले होते, आणि ठोकायला गेले होते. तोंडात खिळे, हातात हातोडी. धुरपता मागून आली. तिच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. तिने पाटी बघितली, तोडलेल्या फांदीचा वाळलेला घाव बघितला, मग मला पायांपासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं की मी तोंडातले खिळे हातावर काढले आणि कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून अहिराणी निघाली. “फांदी नही शे ना आते, माय,” मी म्हटलं. “झोका कथा बांधशात?” कुठे बांधाल?

ती म्हणाली, “फांदी तू तोडी. आते तुलेच झोका बांधसूत. हालू नको.”